जोडघंटेचं घड्याळ

तीन जून. तीनशे चाळीस रुपये. एवढ्या पैशांत घड्याळजींनी पितळी जोडघंटा आणली आणि लेकीच्या गजराच्या घड्याळावर बसवली. परीक्षा तोंडावर आलेली आणि लेक म्हणजे कुंभकर्णाची धाकटी बहीण.

"आता मढंसुद्धा उठून बसेल," ते बायकोला म्हणाले.

पहाटे घंटा वाजली. लेक दचकून उठली आणि तिथेच कोसळली.

"नाटकं पुरेत हं बाई, पेपर काही टळत नाही," म्हणत आईने तिला हलवलं. मग तिला लेकीचे निळे पडलेले ओठ दिसले.

इस्पितळात पोचेपर्यंत लेक शुद्धीवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची हृदयाची रेघ बोटाने दाखवली.

"काका, हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आत-बाहेर होतात, म्हणून ठोका नीट पडतो. हिची काही दारं उघडायला कुचराई करतात. झोपेत एकदम मोठा आवाज झाला की लय बिघडते. जीवही जाऊ शकतो. औषध आहे, पण हे रक्तातून येतं. तुमच्या घरात कुणी तरणंताठं अचानक गेलंय?"

"धाकटा भाऊ. अंथरुणातच. पहाटे."

"तेव्हा काही वाजलं होतं?"

भावाला पहिल्या पाळीला रोज उशीर व्हायचा, म्हणून घड्याळजींनीच त्याला मोठ्या घंटेचं घड्याळ करून दिलं होतं. भावजय धावत आली तेव्हा गजर वाजतच होता. "माणूस गेला, पण घड्याळ मिनिटभर चुकलं नाही," असं ते इतकी वर्षं सांगत आले होते. दरवर्षी त्या घड्याळाला तेलही घालत होते. आता ते पुतण्याच्या उशाशी होतं.

त्यांनी पुतण्याला फोन लावला आणि पलीकडे वाजायच्या आत कापला. पोरगा रात्रपाळी करून झोपलेला, फोनही उशाशीच असणार. ते तडक निघाले. भावाच्या दारात बेलच्या बटणापर्यंत गेलेलं बोट त्यांनी मागे घेतलं आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळले.

"भावोजी! चोरासारखे खिडकीत काय? दाराला बेल आहे की!" भावजय हसली.

"बेल नको. दार उघड. हळू."

पुतण्या पालथा झोपला होता. घड्याळजींनी उशाजवळचं घड्याळ उचललं, तेवढ्यात घंटेवरची हातोडी सुटली. त्यांनी घंटेच्या आड बोट घातलं. ती हातोडी चावी उतरेपर्यंत बोटावर आपटत राहिली. पोराचा श्वास संथ चालू होता.

"काय झालं, भावोजी?" भावजयीने कुजबुजत विचारलं.

त्यांना तिच्याकडे बघवेना. "उठला की याला डॉक्टरकडे न्यायचंय," एवढंच ते म्हणाले.

त्या घड्याळाचे साठ रुपये भाऊ पगार झाल्यावर देणार होता. ते यायचे राहिले आहेत.