पाइपातला ट्रक आन दुसरा रिमोट

आधीच सांगून ठेवतो, याचा शेवट तुमच्यातल्या एकालेबी ओळखू येनार नाई. लावा डोस्कं! शेवटी किंमत कोनं भरली आन काय भरली, हे बरोबर सांगतलं त आजचा चहा माह्याकडून. नाई सांगता आलं त तुमी पाजा.

अमरावतीत हनीफभाईचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या, बोरच्या जळेल मोटरा येतेत. तो जुना तार काढते, नवा भरते. काढेल काळ्या ताराचा ढीग कोपऱ्यात पडेल असते. मी सांगतो त्या किश्श्यायचंबी तसंच हो. रोज एक जळते आन ढिगात जाऊन पडते. मी ऑटो चालवनं सोडलं तवापासून त्या ढिगापाशी खुर्ची टाकून बसतो. काम काई नाई. काम करनाऱ्याले सतावनं, हेच काम.

हनीफभाई बोलत नाई. दिवसाचे दहा शब्द. त्यातले चार, "गजू, हात मत लगा!"

*

जानेवारीत भास्करराव आले. शेंदूरजनाघाटचे संत्रेवाले. चारशे झाडं. आवाज असा, का घरून बोलले त फोनची गरज नाई!

त्यायनं झाडाले ताण देल्ला होता. म्हनजे महिना-दीड महिना पानी बंद. झाड तहानलं पायजे, मंग एकदम पानी सोडाचं, का फुलं फुटते. पन पानी टायमावर भेटलं पायजे. उशीर झाला का झाड पानं टाकते, बहार गेला.

नेमकी तवाच चोरट्यायनं केबल ओढून नेली. मीटर रस्त्याच्या अलीकडे, विहीर पलीकडे. मधात रस्त्याखालून सिमेंटचा पाइप, ऐंशी फूट, त्यायच्या बापानं टाकेल. नवी केबल आनली, पन त्यातून ओढाची कशी? बांबू घातला, अडकला. तार घातला, अडकला. पाइप मधात दबून खाली बसेल आहे. वरतून न्यावी त संत्र्याचे भरेल ट्रक तोडून नेतेत. रस्ता खोदाची परवानगी मांगाले गेले त सायेब म्हने, अर्ज करा, पाहू.

"पान मुरडून राहिलं हनीफभाई," भास्करराव म्हने. आवाज पयल्यांदाच बारीक. "चार दिवस. त्याच्या वरतं नाई."

मी म्हनलं, "एक उंदीर पकडा. शेपटीले दोरी बांधा, द्या सोडून!"

मी त मजाक केली बापा. हनीफभाईनं मान वर केली. म्हने, "चूहा नहीं. खिलौने का ट्रक."

भास्कररावनं पाचशेची एक नोट काढली. दोनदा चोळून पायली, दुसरी चिकटेल त नाई. "याच्यावर एक रुपया नाई!"

चारशे झाडं मराले टेकली, पन मानूस संत्रेवालाच!

*

हनीफभाईचा साडू रफीक, त्याचं अकोल्याले खेळन्याचं दुकान. रिमोटवरचे ट्रक काचेत मांडेल. आमी बसनं गेलो, तिकीट हनीफभाईच्या खिशातून.

रफीक म्हने, "भाईजान, तीन हजार. आपके लिए अढाई."

हनीफभाई चुप.

"दो."

चुप. ट्रककडे नाई, रफीककडेच पाहून राहिला.

"डेढ! इसके नीचे मेरे को घर से डालना पडेगा!"

चुप. मले त वाटलं या मानसाचा श्वासबी बंद पडला. रफीकच्या कपाळावर घाम. दुसरे गिऱ्हाईक थांबून पाहून राहिले, का कोनी मेलं काय म्हनून. शेवटी तो वरडला, "भाईजान, कुछ तो बोलो!"

हनीफभाई बोलला, "वापस आया हुआ माल."

मांगून दोन ट्रक निंगाले. एकाले दोनच चाकं, दुसऱ्याची बॅटरी फुगेल. दोन्ही मिळून तीनशे, रिमोटासकट. आमी पायऱ्या उतरल्यावर रफीक मांगून म्हने, "ये आदमी चुप बैठ के दुकान लूट लेता है!"

*

दोनशे उरले. दोन ट्रकाचा एक ट्रक करा लागत होता.

चाकाले सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, पंक्चरवाल्यापासून फुकट. जुन्या टेपरेकॉर्डरातले गिअर. भंगारातल्या पॉवरबँकातले सेल काढून बॅटरी. समोर टॉर्चचे दोन लाइट, पाइपात दिसाले पायजे म्हनून.

मोटर हनीफभाईनं सोताच भरली. चाळीस वर्षं पानी काढाच्या मोटरा भरनारा मानूस, त्यानं बोराएवढ्या मोटरीत जाडा तार भरला. बटन दाबलं आन ट्रक असा सुटला, का दुकानातून रस्त्यावर, रस्त्यावरून समोरच्या सलूनात! अर्धी दाढी झालेला गिऱ्हाईक दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत. न्हावी वस्तरा हातात धरून थिजेल. मी वरडलो, "हलू नको! तुह्या हातात त्याची मान आहे!"

हनीफभाई जाऊन ट्रक घेऊन आला. म्हने, "ज्यादा हो गया."

मंग बारीक तार भरला, जास्ती वेढे. आता ट्रक म्हाताऱ्या बैलावानी चालला, पन दोन इटा ओढून नेल्या. दोन दिवस गेले होते. दोन उरले.

*

आता माहं पाप सांगतो.

दुसऱ्या ट्रकचा रिमोट पडेल होता. मी सहज बटन दाबलं, त आपला ट्रक सरकला! दोघायची रेडिओची लाइन एकच. मले त घरबसल्या देव भेटला. हनीफभाई पुढे दाबे, मी खिशातल्या खिशात मांगे दाबो. तो डावीकडे, मी उजवीकडे. तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्यानं तो ट्रक पाचदा खोलला. पाचव्यांदा ट्रक हातात घेऊन त्याच्याशीच बोलाले लागला, "बोल ना बाबा, क्या तकलीफ है तेरे को?"

दहा शब्दायचा मानूस ट्रकसंग बोलून राहिला! मले हासू फुटलं, आन पकडल्या गेलो.

तो रागावला नाई. तेच वाईट. म्हने, "गजू, उस आदमी का बगीचा मर रहा है. एक दिन खा गया तू मेरा."

मी रिमोट घेऊन बाहेर गेलो, आलो. म्हनलं, "देल्ला नालीत फेकून."

"खा कसम."

"तो रिमोट माह्यापाशी पुन्हा निंगाला त सव्वा महिना या दुकानात तोंड उघडनार नाई! रोज येईन, खुर्चीवर बसीन, पन एक शब्द नाई!"

हनीफभाईनं ग्रीसचा हात पुढे केला. मी मिळवला. माहा दुसरा हात खिशात होता. रिमोटावर.

*

चवथा दिवस. शेंदूरजनाघाटले, रस्त्याच्या अलीकडे आमी तिघं, हनीफभाई, भास्करराव आन मी. ट्रकच्या मांगे नायलॉनची बारीक दोरी, दर दहा फुटावर गाठ. हनीफभाईनं ट्रक पाइपाच्या तोंडात ठेवला. "बैटरी आधे घंटे की है," म्हने.

गेला. एक गाठ. दोन गाठी. थांबला!

मोकळ्या रस्त्यावर शंभर फूट ऐकत होता, जमिनीखाली वीस फुटावर बहिरा. हनीफभाईनं दोरीनं मांगे ओढला, पिशवीतून वायंडिंगच्या ताराचं रीळ काढलं, एक टोक ट्रकच्या एरियलले गुंडाळलं. ट्रक पुन्हा आत, मांगे दोरी आन तार सोबत. आन रिमोट त्या ताराले लावून धरला. ट्रकले ऐकू आलं! जळेल मोटरात हयात गेलेल्या मानसालेच हे सुचू शकते.

तीन गाठी. चार. पाच. सहावी गाठ पाइपात गेली. वीस फूट राहिले.

भास्कररावची छाती फुगली. "पायलं काय गजाननभाऊ? पाचशेत काम!"

मले राहवलं नाई. खिशातला रिमोट ताराजवळ यावा म्हनून गुडघा ताराले टेकवला, खिशात मांगचं बटन दाबलं. एकदाच. हे आजवर कोनाले सांगतलं नाई, तुमाले सांगून राहिलो.

ट्रक मांगे आला, आपल्याच तारावर चढला, तार चाकात गेला. हनीफभाईच्या हातात तार एकदम ढिला पडला.

"टूट गया," तो म्हने.

दोरी ओढून पायली. ट्रक बसेल पाइपाच्या काठाले अडकला, मांगे येईना. बॅटरी संपली असती त तिथंच बूच बसलं असतं. मंग केबल काय, पानीबी गेलं नसतं त्यातून.

"उधर से," हनीफभाई म्हने. "बीस फुट तो सुनता है वो."

भास्कररावनं हनीफभाईच्या हातातला रिमोट हिसकला आन रस्त्यावर धावले. चप्पल निसटली, हातातला रिमोट डांबरावर. हॉर्न वाजला. संत्र्याचा भरेल ट्रक. भास्करराव मांगे झाले, रिमोट नाई झाला.

खेळन्याच्या ट्रकचा रिमोट खऱ्या ट्रकाखाली! दुसऱ्या कोनाचा असता त मी आठ दिवस हासलो असतो.

*



भास्करराव शेताच्या धुऱ्यावर बसले. झाडाचं एक पान तोडलं, बोटात चुरलं त पापडावानी मोडलं. "बापानं टाकेल पाइप आहे," येवढंच म्हनाले. तो मोठा आवाज कुठी गेला कोनाले मालूम.

हनीफभाईनं घड्याळ पायलं. "दस मिनट." मंग पाइपाकडेच पाहून म्हने, "दूसरा रिमोट होता तो हो जाता." आन माह्याकडे वळून, "तूने फेंक दिया ना, गजू?"

त्यात टोमना नोता. बिचारा खरंच विचारून राहिला होता.

इकडे चारशे झाडं, तिकडे माही जीभ. हासू नका! माह्यापाशी दुसरं आहे काय?

नऊ मिनिटं. आठ.

मी खिशातून रिमोट काढला. कोनाच्या तोंडाकडे पायलं नाई. दोन्हीकडे पाहून रस्ता पार केला. चाळीस वर्षं ऑटो चालवला, पन दोन्हीकडे त्या दिवशीच पायलं!

पलीकडे पोटावर पडलो, पाइपात तोंड घातलं. आत दोन लाइट, काजव्यायवानी. बटन दाबलं. काई नाई. हात आत घातला, पुन्हा दाबलं. गुर्रर्र! चाक फिरे, ट्रक हालेना. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. लाइट खाली गेले. अंधार. आवाज तेवढा येऊन राहिला, तोबी बारीक होत चालला.

"क्या हुआ?" हनीफभाई मांगून.

मी हात आनखी आत घातला. ट्रकचा आवाज बंद पडला. मी बटन दाबूनच धरलं. अंगठा पांढरा पडला.

मंग एक लाइट वर आला. एकच. दुसऱ्यावर चिखल. हळू हळू, म्हाताऱ्या बैलावानी, माह्या हातापर्यंत आला आन तिथंच मेला. मांगे दोरी.

दोरीनं केबल ओढली. सांजच्या आत मोटर चालू. पानी पाटात पडलं आन भास्कररावचा आवाज असा परतला, का झाडावरचे कावळे उडाले. मिठी मारली मले. "गजाननभाऊ, तुमी वाचवलं!"

हनीफभाईनं पान्याकडे पायलंच नाई. माह्याकडे पायलं, आन ओठावर बोट ठेवलं.

*

दुसऱ्या दिवसापासून मी खुर्चीवर. तोंड बंद. सलूनवाला येऊन चिडवून जाये, पंक्चरवाला चिडवून जाये. मी चुप. पचवलं.

चवथ्या दिवशी रफीक अकोल्याहून आला. "भाईजान, ट्रक का क्या हुआ?"

आन हनीफभाईनं मोटर बाजूले ठेवली, हात पुसले, चहा सांगतला आन बोलाले लागला. एक घंटा! तवापासून जो येईन त्याले सांगे. पयले ट्रकचा किस्सा, मंग बाकीचे, माहे, ऑटोच्या चाळीस वर्षांचे, मीच त्याले या खुर्चीवरून ऐकवेल! मी तिथंच, दोन हातावर.

आन सांगे कसा? पयल्या वाक्यातच, "रिमोट गजू की जेब में था. अब बताता हूँ क्यों था!"

सव्वा महिना. रोज. हरेक किश्श्याचा शेवट आधी!

आन लेकाचे लोकं तरीबी हासत होते!