दोष रेग्युलेटरचा, बोल मला

गाडी मी हौसेनं शिकले नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या नवऱ्याला एकाएकी फिट आली आणि डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली. हिंगणघाटला आमचं सरकी-ढेपेचं दुकान. गावोगावची गिऱ्हाइकं, सासूबाईंच्या दवाखान्याच्या खेपा, सासऱ्यांनी घेतलेल्या गाडीशिवाय काही चालत नव्हतं, आणि मोठे दीर गल्ल्यावरून हलत नसत. शेवटी नवऱ्यानंच मला जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात शिकवलं. शेजारी बसून म्हणायचा, "घाबरू नको. चालवणारा कोण हाये, हे गाडीले थोडीच समजते?"

गाडीला समजत नसेल. गावाला मात्र चांगलंच समजत होतं. चौकातून गेले की पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहत, जणू काही मिरवणूक चाललीय.

आणि नेमकं त्याच सुमारास गाडीत काहीतरी बिघडलं. समोरचे बल्ब एकदम लख्ख पेटायचे आणि फटकन उडायचे. बॅटरीतलं पाणी पुन्हापुन्हा आटायचं. बॉनेट उघडलं की आंबूस, नाकाला झोंबणारा वास यायचा. मी गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकनं बॉनेट उघडायच्या आधीच मला विचारलं, "ताई, रेस जास्त देता का?"

"नाही."

"देत असाल. लेडीजचा पाय जड पडतो."

त्यानं बल्ब बदलले, बॅटरीत पाणी घातलं, झालं. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. या वेळी तो म्हणाला, बॅटरीच गेली, आणि नवी बसवून दिली. तीही उकळायला लागली. तेव्हा मोठ्या दिरांनी जेवताना, माझ्याकडे न बघता, नवऱ्याला सांगितलं, "तुझ्या बायकोले सांग, उद्यापासून गाडी मी चालवीन. बाईच्या हातात मशीन टिकत नाई."

मी तिथेच भाकरी वाढत उभी होते. आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, सून समोरासमोर बोलत नसे. त्यांना काही सांगायचं तर नवऱ्यामार्फत किंवा सासूबाईंमार्फत. म्हणजे माझ्यावर आरोप करायचा त्यांना पूर्ण हक्क आणि उत्तर द्यायला मला तोंडच नाही. त्या रात्री मी जेवले नाही, ते दुःखानं नाही, संतापानं.

नवऱ्याचं दुखणं आटोक्यात आलं म्हणून सासूबाईंना गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाचा नवस फेडायचा होता. गाडी दिरांनी घेतली. पुढे सासूबाई, मागे आम्ही दोघं. समुद्रपूर मागे टाकलं आणि तो ओळखीचा आंबूस वास आत यायला लागला. पुढे बॉनेटखालून फसफस ऐकू आली, वाफ दिसली आणि दिरांनी गाडी बाभळीखाली उभी केली. बॅटरी उकळून बाहेर सांडली होती, तिच्याखालचा पत्रा ओला झाला होता.

दीर बॉनेटवर हात आपटून म्हणाले, "गाडीच भंगार हाये! आपल्या बाबांनी घेतली तेव्हाच म्हटलं होतं मी."

मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. डोक्यावरचा पदर नीट केला, खाली उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले.

"भाऊजी, मी चालवत होते तेव्हा हेच झालं, तर दोष माझा होता. आज तुम्ही चालवून राह्यले, तर दोष गाडीचा कसा?"

त्यांनी माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. "हिले सांग, गप्प राह्य."

नवरा काही बोलायच्या आत सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "तिले काऊन गप्प करतं? तिनं इचारलं त्याचा जबाब दे न."

दीर रस्त्यात जाऊन हात दाखवायला लागले. मागून आलेल्या ट्रॅक्टरवर बसून आम्ही नवस फेडून आलो आणि गाडी दोरानं ओढून हिंगणघाटला आणली.

गॅरेजमध्ये दीर स्वतः उभे राहिले. मीही हट्टानं गेले. या वेळी मेकॅनिकनं आधी बॉनेट उघडलं, मीटरच्या वायरी लावल्या, गाडी सुरू करून काटा पाहिला आणि म्हणाला, "शेठ, रेग्युलेटर गेला." बॅटरीला किती वीज जाऊ द्यायची हे ठरवणारी ती लहानशी डबी. ती बिघडली की वीज बेताल जाते, बॅटरी उकळते, बल्ब उडतात. इतकं साधं.

मी विचारलं, "मी गाडी आणली होती तेव्हा हा मीटर कुठं होता?"

"इथंच होता, ताई. पण तेव्हा वाटलं..."

"काय वाटलं?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. दीर म्हणाले, "जाऊ दे, आता सापडलं न." जाऊ दे! माझ्यावर बोल ठेवायचा होता तेव्हा कुणी जाऊ दिलं नव्हतं.

रेग्युलेटर नागपूरला मिळणार होता. दुकानाच्या हंगामामुळे दीर निघू शकत नव्हते, म्हणून मी आणि नवरा एसटीनं गेलो. तिथला दुकानदार सारा वेळ नवऱ्याशीच बोलला. "भाईसाब, नवीन माल हाये, आतून पूर्ण इलेक्ट्रॉनिक. जुन्यासारखे काळे पडलेले पॉइंट घासायची झंझट नाई." मी विचारलं, तपासून मिळेल का? तर तो नवऱ्याला म्हणाला, "भाभीजींना खुर्ची द्या, उभ्या आहेत."

नवरा म्हणाला, "गाडी ही चालवते. हिलेच सांगा."

दुकानदार हसला आणि डबी बांधायला लागला.

ती बसवली तर आता उलटंच. चार्जिंगचा लाल दिवा विझेचना, बॅटरीला वीज जाईचना. मेकॅनिकनं या वेळी मला काही विचारलं नाही, मीटरच दाखवला. डबी आतून मेलेली होती. मी ती काढून घेतली आणि पुन्हा नवऱ्यासोबत नागपूर गाठलं.

दुकानदारानं डबीकडे बघितलंही नाही. "इलेक्ट्रॉनिक माल वापस होत नाई, भाईसाब. भाभीजींनी उलटी वायर लावून चालवली असेल, जळाला."

पुन्हा मीच! वायरींना मी हातही लावला नव्हता. गॅरेज वेगळं, शहर वेगळं, माणूस वेगळा, तरी बोट माझ्याचकडे. दुकानासमोर त्याची स्वतःची गाडी उभी होती, आमच्यासारखीच. गादीमागच्या फोटोत तो तिच्याच बॉनेटला हार घालताना दिसत होता. मी डबी काउंटरवर ठेवली.

"माल चांगला आहे म्हणता न? तुमच्याच शेल्फवरचा याच जातीचा दुसरा काढा आणि तुमच्या गाडीला लावा. आम्ही इथे उभे राहून पाहतो."

"माझ्या गाडीला कशाला?"

"का? तुमच्या गाडीला चालत नाही का हा माल?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. एक जीपवाला म्हणाला, "लावा न शेठ, बाई बरोबर बोलून राह्यली." दुसऱ्यानं हातातलं त्याच डबीचं खोकं हळूच काउंटरवर परत ठेवलं. ते पाहून दुकानदाराचा चेहरा उतरला. आपली गाडी त्यानं काही पुढे केली नाही. आत जाऊन वरच्या फळीवरची दुसऱ्याच बनावटीची डबी आणली. मी ती शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेऊन मीटर लावून पाहिली, मगच पिशवीत टाकली. तरी निघताना तो नवऱ्यालाच म्हणाला, "घेऊन जा भाईसाब, लेडीजशी कोण वाद घालणार."

एवढी माणसं पाहत असताना खोटं पकडलं गेलं, तरी माफी नाही, आणि वर हे.

ती डबी मात्र चांगली निघाली. लाल दिवा विझला, बॅटरी थंड राहिली, बल्ब टिकले. किल्ली मी कुणाला न विचारता दिरांच्या खोलीतून घेतली, आणि कुणी परत मागितली नाही.

पुढे पुलगावला नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत दीर पाहुण्यांना रंगवून सांगत होते, "मेकॅनिकले काही समजेना. मग मीच उभा राह्यलो, रेग्युलेटर शोधून काढला, नागपूरहून आणवला, तेव्हा कुठं गाडी लायनीवर आली."

मी वरणाचं भांडं खाली ठेवलं. "नागपूरच्या दुकानात मी अन् हे गेलो होतो, भाऊजी. तुम्ही नव्हते."

नवऱ्यानं मान हलवून "हो" म्हटलं. दिरांनी त्यानंतर बरेच दिवस माझ्या हातचं वाढून घेतलं नाही. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "खाईल, भूक लागली की खाईल."

लग्नाहून परत येताना गाडी मीच चालवली. दीर मागे बसले होते.