टर्कीची पिल्लं आणि माझी नणंद

लग्न होऊन सावली तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा घरात माझ्याशी मोकळं बोलणारी एकच होती, माझी नणंद. नवरा दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सासरे तलावावर जाळं घेऊन, आणि सासू कामापुरतंच बोलायची. त्या वर्षी नवऱ्याने नागभीडहून टर्कीची पिल्लं आणली आणि आम्हा दोघींच्या हवाली केली.

आम्हाला कोंबड्यांची सवय. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की लगेच टोच मारायला लागतं. ही मात्र भरल्या ताटलीत उभी राहून उपाशी राहायची. पहिल्या काही दिवसांतच दोन-चार गेली. एक मेलेलं पिल्लू नणंद ओंजळीत घेऊन बसली.

"वयनी, समोर दाना होता ना याच्या. मंग उपाशी काऊन मेला?"

"याले माय कुठी हाय शिकवाले?" मी म्हटलं.

ती उठली, घरात गेली आणि भावाचे लहानपणीचे कंचे, काचेच्या गोट्या, घेऊन आली. ते धुऊन तिने दाण्यात ठेवले, पाण्यात ठेवले. चमकणाऱ्या काचेवर पिल्लं टोच मारू लागली, आणि मारता मारता दाणा चोचीत जाऊ लागला. मग अंडं उकडून बारीक करणं, कांद्याची पात चिरणं, हे रोजचंच झालं. जी अगदीच मरगळलेली असत त्यांची चोच ती दुधात बुडवायची आणि थेंब गिळेपर्यंत हलायची नाही.

सासूला हे सगळे लाड वाटायचे. "कोंबडीखाली सोडून द्या, आपोआप वाढतेत," ती म्हणायची. पण नवऱ्याला जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की ज्या रोगाने कोंबड्यांना काही होत नाही तोच टर्कीला मारतो, दोन्ही एका अंगणात ठेवू नका. नणंदेने आईशी वाद घातला आणि मागच्या बाजूला बांबूचं कूड घालून पिल्लांची जागा वेगळी केली.

श्रावणात एका दुपारी जोराचा पाऊस आला. छपरातून पाणी गळलं, खाली पसरलेला धानाचा कोंडा भिजला आणि गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढली. आम्ही धावलो. खालची दबलेली आधी काढली, जुन्या लुगड्याने पुसली आणि चुलीजवळ पदरात घेऊन बसलो. गुडघ्याला गुडघा लावून आम्ही दोघी, आणि पदरात ती ओली धुकधुक. तेव्हा नणंद हळूच म्हणाली, "वयनी, मले दूर नोको देऊ म्हना ना भाऊले."

मी त्या रात्रीच नवऱ्याला सांगितलं. तोही जवळपासचं स्थळ बघत होता. पण दूर सिरोंच्याकडून एक स्थळ आलं, पोरगा भला होता, आणि पाहून गेल्यावर तीच हो म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण लग्नानंतर तिची बस सुटली तशी मी घरी येऊन कोंडा बदलत बसले, कारण घरात शिरवेना.

पुढची पिल्लं मी एकटीने वाढवली. आता फारशी मरत नाहीत. कोरडी जागा, दिव्याची ऊब, ताजं पाणी, सगळं अंगवळणी पडलंय. फक्त अंडं कुस्करताना बोलायला कोणी नसतं. एखादं पिल्लू पहिल्यांदा नीट खाऊ लागलं की मी अजून तिला सांगायला मान वळवते, आणि बाजूला नुसतं कूड असतं.

मागच्या वर्षी तिने सासरी टर्कीची पिल्लं घेतली. एका सकाळी फोन आला. "वयनी, पिवळं हागून राह्यले, मान टाकून राह्यले."

"कोंबड्या कुठी हायेत?"

"त्याच अंगनात. सासू आयकत नाई."

"बिमार वेगळे काढ आधी. डॉक्टरले आजच बोलाव. अन् कूड घाल."

"हो," ती म्हणाली, आणि मग एकदम, "तुमी या ना."

धान लावणीला आलं होतं, गुडघ्यामुळे सासूने अंथरूण धरलं होतं. जाणं झालं नाही. तिची अर्धी पिल्लं वाचली. तिचं अंगण मी अजून पाहिलेलं नाही. ती फोनवर सांगते, दारात मोहाचं झाड आहे, त्याच्या सावलीत टर्की बसतात. मी डोळे मिटून ते झाड उभं करते. सावलीत तिला बसवते. तिचा चेहरा मात्र दर वेळी लग्नाआधीचाच येतो.