बाजारगुरूंचा एकमेव विजय

भाजीवालीने सांगितलेला भाव ऐकून "एवढा कमी का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बनारसच्या मंगला गौरीच्या गलीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीला आमचे बाजारगुरू ऐन पुरात बजावायचे, "माई, गंगा चढ़ी है, माल कम है, दाम बढ़ाओ!" ती कसली शहाणी! तिने दाम वाढवले, पण एकट्या गुरूंना. बाकी मुहल्ल्याला जुनाच भाव. आणि हे चढ्या भावाचे परवल पिशवीत घालून खुशीत घरी येत.

बनारसात पानवाल्यालाही गुरू म्हणतात, नावाड्यालाही म्हणतात, पण ह्यांना ते नाव कायमचं चिकटलं. घर पिढीजात मराठी पुरोहितांचं. गुरू थोरले, पूजापाठ सोडून बँकेत लागले. बँक सरकारी, पेन्शन सरकारी, आणि निवृत्त झाल्यावर ध्यास एकच, की सरकारने कशातही हात घालू नये, सगळं बाजारावर सोडावं! लग्न केलं नव्हतं. धाकटे विनायकराव घरची पुरोहिती चालवत. वर गुरू, खाली विनायकरावांचा संसार, चूल एक. मी शेजारची, शाळेत हिंदी शिकवणारी. गुरूंची पत्रकं तपासायचं काम माझ्याच गळ्यात पडलेलं.

पत्रकं निघत रामघाटावरच्या 'मुक्त विनिमय विचार केंद्रा'तून. केंद्र म्हणजे एका ट्रस्टच्या इमारतीतली एक खोली. तिचं भाडं आजोबांच्या काळात ठरलेलं, कायद्यामुळे वाढलंच नव्हतं. त्याच खोलीत बसून गुरूंनी भाडेनियंत्रणाविरुद्ध चाळीस पानं लिहिली. मी म्हटलं, "काका, कायदा उठला तर पहिले तुम्हीच रस्त्यावर याल की!" चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "सुमन, धोरण वेगळं, सोय वेगळी. गल्लत करू नये."

दर गुरुवारी केंद्रात व्याख्यान असे. श्रोते म्हणजे मी, चिवड्यासाठी येणारा मल्लू नावाडी आणि उन्हातून आत आलेला कोणी यात्रेकरू. विषय ठरलेला: जगातल्या अशा केंद्रांचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात मूठभर विद्वान डोंगरावर जमले, लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, पण ते पत्रकं छापत राहिले. इथे गुरूंचा आवाज चढायचा. "पत्रक वाचतो प्राध्यापक, प्राध्यापकाचं ऐकतो पत्रकार, पत्रकाराचं ऐकतो मंत्री, आणि मंत्र्याला वाटतं, हे मलाच सुचलं! ह्याला म्हणतात प्रभाव." मल्लू विचारी, "गुरु, आपका कौन मंत्री सुनता है?" गुरू त्याच्या द्रोणात आणखी चिवडा घालत.

दिल्लीतल्या मोठ्या केंद्रांचा त्यांना फार हेवा. तिथे म्हणे उद्योगपती देणग्या देतात, गार खोल्या असतात, आणि विद्वान पूर्ण स्वातंत्र्याने विचार करून नेमके त्या उद्योगपतीच्याच सोयीच्या निष्कर्षाला येतात. गुरूंना कोणी देणगी दिली नाही, म्हणून ते बिचारे प्रामाणिक राहिले. आणि प्रामाणिक माणूस चुकला की पहिली झळ घरालाच लागते.

झालं असं. काशीत यात्रेकरू पुरोहित निवडत नाही. त्याचे पणजोबा ज्या घरी उतरले, त्याच घरी तो येतो. त्याच्या कुळाची नावं तिथल्या वहीत असतात. विनायकरावांच्या वहीत सात-सात पिढ्यांची घराणी होती. नुसतं आडनाव ऐकून ते समोरच्याच्या आजीचं माहेर सांगत, आणि परगावचा माणूस तिथेच पाया पडे. त्यावरच घर चालायचं. ह्या प्रथेवर गुरूंनी पत्रक लिहिलं, 'तीर्थक्षेत्रातील मक्तेदारी'. मी म्हटलं, "अहो, हे विनायककाकांच्या पोटावर येईल!" ते म्हणाले, "विन्या हुशार आहे. स्पर्धेत पहिला येईल." खरंच वाटत होतं त्यांना तसं. चिडावं तरी कसं अशा माणसावर?

पत्रक नेहमीप्रमाणे चारी दिशांना गेलं. आणि काय सांगू, ते कोणीतरी वाचलं! दिल्लीकडच्या एका कंपनीची कोट घातलेली दोन मुलं रामघाटाच्या पायऱ्या उतरून आली. "सर, आपके पेपर से ही हमें आइडिया आया." मोबाइलवर पूजा बुक करायची, पुरोहित कंपनी पाठवणार. गुरूंनी गलीभर पेढे वाटले. पहिला पेढा विनायकरावांच्या हातावर ठेवला. "विन्या, वाचलं रे कोणीतरी!" विनायकरावांनी तो खाल्लासुद्धा.

वर्षभरात सगळं पालटलं. वहीतली घराणी कंपनीचा झेंडा लावलेल्या होड्यांतून विनायकरावांच्या डोळ्यांदेखत जाऊ लागली. गुरू म्हणत, "ग्राहक राजा असतो," पण आवाज दर महिन्याला बारीक होत गेला. एक दिवस विनायकरावांनी मुकाट्याने कंपनीत नाव घातलं. त्याच आठवड्यात चुली वेगळ्या झाल्या. गुरू वर स्टोव्हवर खिचडी करू लागले, ती रोज करपायची, आणि तो वास खालपर्यंत जायचा.

पितृपक्षात वडिलांची तिथी आली. दरवर्षी थोरले पिंड देत, धाकटे मंत्र म्हणत. गुरू जिन्यात थांबून म्हणाले, "विन्या, उद्या बाबांची तिथी." नेहमी 'तू' म्हणणारा भाऊ म्हणाला, "माझी सकाळ कंपनीची आहे. हवा असेन तर बुकिंग करा. लवकर करा, पितृपक्षात वेळ मिळत नाही." बुकिंग माझ्या मोबाइलवरून केलं. दर दुप्पट दिसत होता. गुरू म्हणाले, "मागणी वाढली की..." आणि पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

सकाळी घाटावर विनायकराव कंपनीचं उपरणं घालून आले. मांडी घातली, दर्भ ठेवले आणि कंपनीने शिकवलं होतं तसं, खाली बघत, विचारलं, "यजमान, वडिलांचं नाव सांगा."

गुरूंचे ओठ हलले, नाव काही फुटेना. मला तर तिथून उठून पळावंसं वाटलं. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "विन्या, तूच सांग रे." मग विनायकरावांनी बाबांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव एका दमात घेतलं. पुढचे मंत्र दोघांनाही धड म्हणता आले नाहीत. त्या रात्री गुरू खाली जेवले. महिन्याभरात त्यांनी खोली ट्रस्टला परत केली. पुन्हा एक ओळही लिहिली नाही.

पुढच्याच थंडीत ते गेले. अग्नी विनायकरावांनी दिला. सुतकाचे दिवस त्यांनी एकही बुकिंग घेतलं नाही, म्हणून कंपनीने त्यांचं नाव यादीच्या अगदी तळाला टाकलं. मी भेटायला गेले आणि कंपनीला तोंड भरून शिव्या घातल्या. विनायकराव म्हणाले, "जाऊ दे, सुमन. दादा असता तर म्हणाला असता, बरोबरच केलं त्यांनी." एवढं बोलून ते हसले, आणि हसता हसता लहान मुलासारखे रडायला लागले.