न पाहिलेल्या जागेचा पंचनामा

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले. सरावलीचा तो एक मात्र डोक्यातून जात नाही, कारण तो मी खोटा लिहिला होता.

मी तेव्हा बोईसरला हवालदार होते. एका कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली होती. खबऱ्याने सांगितलं, सरावलीच्या चाळीत शेवटच्या खोलीमागे निळ्या प्लास्टिकखाली माल आहे. गेलो, मिळाला. खोलीत जव्हारकडून कामाला आलेली एक बाई राहत होती. तिला ठाण्यात आणून दोन तास विचारपूस केली. तिचं एकच म्हणणं, "ती तार माजी नाय, बाय. कोन टाकून गेला, मी नाय बघितला."

चाळीतलं कोणी पंच व्हायला तयार नव्हतं. कोर्टाच्या फेऱ्या कोणाला हव्यात? त्या दिवशी वकिलीच्या दोन विद्यार्थिनी ठाण्याचं कामकाज बघायला आल्या होत्या. खोलीमागच्या बोळातून सगळी चाळ ये-जा करते, तिथला माल बाईचाच हे कोर्टात टिकलं नसतं; म्हणून मी 'माल खोलीतून जप्त' असं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. करा सह्या, अनुभव मिळेल, म्हटलं. त्यांनी केल्या.

दुसऱ्या दिवशी बाईला कोर्टात हजर करून कोठडी मागायची होती. सकाळीच त्या मुली त्यांच्या सरांबरोबर हजर. आदल्या संध्याकाळच्या वर्गात त्यांनी कौतुकाने सांगितलं होतं, आम्ही पंच झालो. सरांनी एवढंच विचारलं, माल कुठे पडला होता? दोघी तिथे गेल्याच नव्हत्या.

एक मुलगी रडवेली झाली होती. "सर, आता फिरवलं तर आमच्यावरच येईल. वकिलीची सनद अडकेल."

"अडकेल कदाचित," सर म्हणाले. "पण आत बसलेल्या बाईचं काय अडकलंय, ते आधी बघा."

मी चिडले. म्हटलं, मुलींवर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

"नव्हती ना. म्हणूनच जबाब त्याच देतील. मी बोलणार नाही." आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले. मुलींनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आम्ही जागा पाहिलेली नाही.

ठाण्याच्या साहेबांनी मला झापलं आणि नव्याने तपास लावला. प्लास्टिकचा रंगसुद्धा खबऱ्याला कसा ठाऊक, हे मी आधीच विचारायला हवं होतं. तो त्याच कारखान्यात माल चढवायचा. तासाभरात त्याने कबूल केलं, "मॅडम, मैंने ही रखा था."

बाई सुटली. सरांनी मुलींना तिच्यापुढे उभं केलं. दोघींनी सांगितलं, आम्ही न बघता सही केली, चुकलो. ती म्हणाली, "आता खरा लिवला ना? मंग झाला."

मला नंतर शिक्षा झाली, ती योग्यच होती. असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी भाषण केलं नाही, मुलींना वाचवलंही नाही; ज्याचं नुकसान केलं त्याच्या तोंडाकडे बघायला लावलं.

मीही तिथेच उभी होते. त्या बाईची मी माफी मागितली नाही. अंगावर वर्दी होती, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या पोरींएवढी माझी हिंमत झाली नाही.