शेवटच्या गाडीतले हळूकाका

शाळेची बस चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे हळूकाका म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांनी बस कधी घाईनं वळवली नव्हती, की कोणाच्या अंगावर हॉर्न वाजवला नव्हता. मागच्या गाड्या कितीही कोकलल्या तरी काकांची बस आपल्याच चालीनं जायची. डेपोतला मेकॅनिक म्हणायचा, काकांच्या बसमध्ये मूल पहिलीत चढतं आणि शाळेत उतरेपर्यंत दुसरीत जातं. काका हसून सोडून देत. बोलणं त्यांच्या स्वभावात तसंही कमीच.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या छातीवर, बोंडाच्या मागे, चण्याएवढी गाठ हाताला लागली. सीटबेल्ट घासून आली असेल, असं म्हणून चार महिने ते तेल चोळत राहिले. पाचव्या महिन्यात धुवायच्या बनियनवर बायकोला रक्ताचा ठिपका दिसला. तिनं त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणीच्या कागदावर जे आलं ते वाचून काकांना आधी वाटलं, कागदांची अदलाबदल झाली. स्तनाचा कर्करोग. पुरुषांनाही होतो, क्वचित होतो, पण होतो, असं डॉक्टरीणबाई समजावत होत्या आणि काका दाराकडे बघत होते, बाहेर कोणी ऐकत तर नाही ना.

ऑपरेशन झालं. डाव्या काखेतल्या सोळा गाठी काढल्या. सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, परत आले, गोळ्या सुरू झाल्या. हे सगळं काकांनी सोसलं, पण आजाराचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. डेपोत त्यांनी 'छातीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं. लोकांनी ते हृदयाचं धरलं आणि काकांनी धरू दिलं. मग काय, जो तो त्यांना तळकट सोडायचा सल्ला देऊ लागला. थोरला भाऊ जिन्यावरून वर येताना त्यांच्या पाठीला हात लावून चढवायचा. बायको आणि मुलगी सोडून खरं कोणालाच ठाऊक नव्हतं. काखेतल्या गाठी गेल्या की त्या हाताला जंतू लवकर लागतात, सूजही येते; ती येऊ नये म्हणून डाव्या हाताला घट्ट लवचीक बाही घालावी लागे. ती झाकायला काका ऐन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत.

दवाखान्याच्या फलकावर स्तनाच्या कर्करोगासाठी निघणाऱ्या पदयात्रेचा कागद लागला, तेव्हा बायकोनंच तो वाचला. चोवीस किलोमीटर चालायचं, उपचारांसाठी मदत जमवायची. चालणारे चारशे, आणि त्यांच्या दिमतीला पाणी, मलमपट्टी आणि गाड्या सांभाळणारं मदतपथक. पथकाला ड्रायव्हर हवे होते. चालायला काका सात जन्मांत तयार झाले नसते. पण गाडी चालवायची म्हटल्यावर त्यांनी अर्ज भरला. 'या आजाराशी तुमचा काय संबंध?' असा एक रकाना होता. काकांनी तिथं लिहिलं: ड्रायव्हर.

पथकाची सूत्रं एका निवृत्त वॉर्डसिस्टरकडे होती. तिनं काकांना शेवटची गाडी दिली. या गाडीचा नियम सोपा होता: सगळ्यात मागे राहायचं, आणि जो चालणारा गाडीच्या मागे पडेल त्याला आत घ्यायचं. चालणाऱ्यांना गुलाबी टोप्या दिल्या होत्या, आणि वाटेत सहा थांबे होते. प्रत्येक थांब्यावर चालणाऱ्याच्या छातीवरचा नंबर यादीत टिपला जाई. काकांच्या शेजारी काकू बसल्या, मागे पाण्याचे कॅन, संत्री, पट्ट्या आणि एक घडीची खुर्ची. डेपोतला मेकॅनिकही आला होता. गाड्या डेपोच्या, म्हणून तो पाचव्या थांब्यावर हत्यारांची पेटी घेऊन बसला होता. प्रत्येकाजवळ एक वॉकीटॉकी होता आणि एकानं बोललेलं सगळ्यांना ऐकू जात होतं.

सकाळ बरी गेली. तिसऱ्या थांब्यानंतर मात्र ऊन तापलं. पुढचे चार किलोमीटर कालव्याच्या कडेनं होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या लांबच लांब भिंती, आणि सावली औषधालाही नाही. काका पहिल्या गिअरमध्ये सरकत होते. काकूंनी दोघा दमलेल्यांना आत घेतलं. चौथा थांबा आला तेव्हा सव्वा वाजला होता. दोघं दमलेले तिथं उतरले. यादी सांभाळणाऱ्या बाईंनी पेन थांबवलं आणि पुन्हा वरून खाली बघितलं.

एकशे सदतीस नंबर तिसऱ्या थांब्यावर टिपला होता. चौथ्यावर नव्हता.

नंबर एका टेलरबाईचा होता. शाळेचे गणवेश शिवायच्या. फोन लावला तर नुसता वाजत राहिला. सिस्टरनं वॉकीटॉकीवर सांगितलं, की दरवर्षी एक-दोघं न सांगता घरी जातात, कोणीतरी येऊन घेऊन गेलं असेल. दोन वाजता पोलीस कालव्याचा रस्ता वाहनांना खुला करणार आहेत, शेवटच्या गाडीनं पुढे निघावं. बोलणं रास्त होतं. काकूही निघायच्या तयारीत होत्या.

काकांनी गाडी बंद केली.

फार पूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एक पाच वर्षांची मुलगी बसच्या मागच्या सीटवर झोपून गेली होती आणि काकांनी बसला कुलूप लावलं होतं. वीस मिनिटांत ते परत गेले. मुलगी रडून रडून लाल झाली होती, तिला काही झालं नव्हतं. पण तेव्हापासून रोज, बस रिकामी दिसली तरी, ते शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन मगच कुलूप लावत.

"मी मागे जातोय," त्यांनी वॉकीटॉकीत सांगितलं. सिस्टर काहीतरी बोलली, तोवर गाडी वळली होती.

काकू डावीकडे बघत होत्या, काका उजवीकडे. काका गाडी आणखी हळू करून कालवा निरखत होते. पाणी संथ होतं, हिरवं होतं, आणि त्यात काही दिसत नव्हतं, याचंच भय वाटत होतं. एक टायरवाला दुकानासमोर पाणी मारत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, गुलाबी टोपीवाली एक बाई तासाभरापूर्वी नळ कुठंय विचारत होती, चालताना झोकांड्या खात होती. कुठं गेली ते त्यानं पाहिलं नव्हतं. पुढे गोदामांच्या दोन भिंतींमध्ये माणूस शिरेल एवढी फट होती. काका तिथं उतरले.

आत, माल चढवायच्या ओट्याच्या पायरीवर, टेलरबाई बसल्या होत्या. टोपी मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं. अशा उन्हात त्या थंडीनं कुडकुडत होत्या. दात वाजत होते. उजव्या हातावर काकांसारखीच घट्ट बाही होती आणि तिच्या कडेला हात फुगून वर आला होता. कोपराच्या वरची कातडी लालबुंद झाली होती.

काकूंनी पाणी पुढे केलं. बाईंनी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, की दहा मिनिटं बसते आणि निघते. तुमची गाडी येताना दिसली म्हणूनच मी इथं लपले. मागे पडलेल्याला तुम्ही आत घालता ना.

काकांनी फटीतून रस्त्याकडे पाहिलं. म्हणजे आपण हिच्या समोरून गेलो होतो.

बाई तुटक तुटक बोलत राहिल्या. वीस वर्षं गावातल्या अर्ध्या शाळा त्यांच्या मशीनवर शिवून निघत होत्या. आजारानंतर गिऱ्हाइकांनी कपडे दुसरीकडे टाकले. रागानं नाही, दयेनं. तुम्हाला त्रास नको, म्हणत. आपला हात अजून चालतो, पाय चालतात, हे त्यांना एकदा सगळ्यांना दाखवायचं होतं. दोन दिवसांपूर्वी बोटात सुई गेली होती, त्याचंच थोडं दुखतंय, बाकी काही नाही.

"ताई, दवाखान्यात जायचं," काका म्हणाले. "आत्ता."

"ऊन लागलंय मला. कळतंय मला माझं." बाईंनी हात पोटाशी घेतला. "तुम्ही ड्रायव्हर आहात, गाडी चालवा. या हातातलं तुम्हाला काय कळणार?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत राहिल्या. काकांनी डाव्या मनगटाचं बटण काढलं आणि शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली.

बाई त्यांच्या हातावरच्या घट्ट बाहीकडे बघत राहिल्या, मग त्यांच्या छातीकडे. शर्टाच्या खाली एक बाजू सपाट होती, ते आता त्यांना दिसलं.

"मागच्या वर्षी बॉनेट लागून एवढंसं खरचटलं होतं," काका म्हणाले. "अशीच थंडी वाजली. सकाळी बघू म्हणून झोपलो. सकाळी मला माझी मुलगी ओळखू येईना. यात उद्यापर्यंत थांबायचं नसतं, ताई."

बाई उठायला गेल्या आणि पायरीवरच कोसळल्या. दोघांनी मिळून त्यांना गाडीत आडवं केलं.

रस्ते दोन होते. मोठा रस्ता तुंबलेला होता. दुसरा हाच, कालव्याचा, सरळ पाचव्या थांब्यावरून दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाणारा. पण त्याच्यावर शेकडो माणसं चालत होती, आणि दोनला तो वाहनांना खुला होणार होता. दोनला पाच मिनिटं होती. काकांनी वॉकीटॉकी उचलला. रस्ता आणखी थोडा वेळ बंदच ठेवा आणि चालणाऱ्यांना एका कडेला घ्या, असं सांगितलं.

पलीकडून सिस्टरचा आवाज आला. ती कामाची बाई होती, उगाच हो म्हणणारी नव्हती. ऊन लागलेले आज आठ जण झालेत, त्यांना सावलीत बसवून मीठ-साखरेचं पाणी दिलंय, एवढ्यासाठी पोलिसांना कसं अडवू, असं तिचं म्हणणं. "ऊन नाहीये हे तुम्ही कशावरून म्हणता?"

काकांनी आरशात पाहिलं. काकू बाईंना नाव विचारत होत्या आणि बाई उत्तरात कापडाचं माप सांगत होत्या.

वॉकीटॉकीवर सहा थांबे ऐकत होते. मेकॅनिकही ऐकत होता.

"सिस्टर, मला स्वतःला झालाय," काका म्हणाले. बटण त्यांनी दाबूनच ठेवलं. "स्तनाचा कर्करोग. माझ्याही काखेतल्या गाठी काढल्यात. हा ताप मला येऊन गेलाय. हाताला जंतू लागलेत आणि बाई बरळायला लागल्यात."

काही क्षण नुसती खरखर. काकांना त्या खरखरीत सगळा डेपो हसताना ऐकू आला, खरं म्हणजे कोणीच हसत नव्हतं. मग सिस्टर बोलली, आणि तिचा आवाज वॉर्डातला झाला होता.

"सगळ्या थांब्यांनी ऐकलं ना? माणसं भिंतीच्या कडेला घ्या. शेवटची गाडी येतेय. दवाखान्याला मी कळवते."

हळूकाकांनी मग आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. गुलाबी टोप्यांची रांग भिंतीला चिकटत गेली. मागून काकू सांगत होत्या, श्वास भराभर चाललाय, हाका मारल्या तरी डोळे उघडत नाहीत. काकांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाचव्या थांब्यावर मेकॅनिक रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारत होता. गाडी जवळ आली तसा तो उडी मारून कडेला झाला. त्याच्याकडे बघायचं काकांनी टाळलं.

दवाखान्यात स्ट्रेचर तयार होतं. दार बंद झालं आणि दोघं बाहेरच्या बाकावर बसली. काकांच्या शर्टाची बाही अजून खांद्यावरच गुंडाळलेली होती. समोरून माणसं येत-जात होती. काकूंनी ती खाली करायला हात पुढे केला, तर काका म्हणाले, असू दे.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. जंतू रक्तात उतरायला लागले होते, औषध वेळेत पोचलं. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर आम्हाला काही खात्री देता आली नसती, असं म्हणाले. टेलरबाई सात दिवस तिथं होत्या. पहिले दोन दिवस काका भेटायला गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पदयात्रा पुरी झाली नाही याचा राग होता, आणि तो काढायला हाताशी काकाच होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमचे टाके किती होते. मग दोघं तासभर बोलत बसली. बायकोशीही जे कधी बोलले नव्हते, ते काका तिथं बोलले.

थोरल्या भावाला काकांच्या मुलीकडून कळलं. त्यानं फोनवर काकांना धू धू धुतलं. दीड वर्ष मी तुला जिन्यावरून हृदयाचा म्हणून चढवत होतो, सख्ख्या भावाला तू परकं केलंस, म्हणाला आणि फोन आपटला. पुढचे तीन आठवडे तो आलाच नाही. आला तेव्हा नुसतं 'दाखव' म्हणाला. काकांनी शर्ट काढला. भावानं तो आडवा व्रण पाहिला, खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, की गोळ्या संपल्या की मला सांगत जा, मी आणून देईन.

डेपोत मात्र काकांनी धास्ती घेतली होती तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी एकाला बोलता बोलता जीभ चावावी लागली, दुसऱ्यानं चहाचा कप उगाच दोन्ही हातांनी दिला. बस, एवढंच. काही दिवसांनी, बस दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतलेली असताना, खालून मेकॅनिकनं हाक मारली. तेलानं माखलेले हात पुसत तो वर आला आणि आसपास कोणी नाही हे त्यानं बघून घेतलं.

"काका," तो म्हणाला, "माझ्याही इथं एक आहे. वर्ष झालं. दुखत नाही, म्हणून..."

बरगडीच्या वर, शर्टाच्या खिशाखाली, त्यानं बोट ठेवलं होतं. काकांनी घड्याळ पाहिलं. मुलांना आणायला अजून दोन तास होते. ते म्हणाले, हात धुऊन घे, आपण जाऊन येऊ.

सोनोग्राफीत गाठ साधी चरबीची निघाली. तो कागद मेकॅनिकनं चार वेळा वाचला, आणि परतीच्या वाटेवर शहराच्या मधोमध काकांना गाडी थांबवायला लावून, खिडकीकडे तोंड करून, पाच मिनिटं बसून राहिला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. काकांनी गाडी हलवली नाही.