गोलामागची पेठ

माझी नोकरी जकात नाक्यावर झाली. तिथे चालक काय सांगतो ते ऐकायचे नसते. गाडीचे पाटे किती दबले आहेत ते पाहायचे असते. निवृत्तीनंतर नाका सुटला, पाहण्याची ही रीत सुटली नाही. घरच्यांना तिचा त्रास झाला असेल. तोंडावर तसे कोणी म्हटले नाही.

आमच्या शहरात पेठ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे फुटबॉलचा संघ. तालमीतली कुस्ती कमी झाली, हौदातली माती वाळली, पण संघ राहिला. माणूस ज्या पेठेत जन्मला त्या पेठेच्या संघाचा. यात निवड नसते. लग्न होऊन आलेली सूनदेखील वर्षभरात माहेरचा संघ विसरते, निदान तसे दाखवते.

माझी नात, मुलाची मुलगी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तालमीच्या मोकळ्या जागेत मुलांबरोबर खेळत असे. गोलात उभे राहायला कोणीच तयार नसे, म्हणून तिला उभे करीत. ती तिथेच राहिली. बारा वर्षांची झाल्यावर तालमीच्या बैठकीत ठरले की मुलींचा संघ काढायचा नाही. मी त्या बैठकीला नव्हतो. असतो तरी बहुमत बदलले नसते. रस्त्यापलीकडच्या पेठेने त्याच वर्षी मुलींचा संघ काढला. नात तिकडे गेली. आमच्या पेठेत त्यावर फार चर्चा झाली नाही. चर्चा झाली नाही, हेच मला खटकले. आमच्याकडे ज्या गोष्टीचा राग गेलेला असतो तिच्याबद्दल लोक मोठ्याने बोलतात.

चार-पाच वर्षांनी ती देशाच्या कुमारी संघात राखीव गोलरक्षक झाली. त्या हिवाळ्यात चार देशांच्या कुमारी संघांची स्पर्धा आमच्या शहरात भरली. मुख्य गोलरक्षक मुलीचे बोट पहिल्याच सामन्यात मोडले आणि शेजारच्या डोंगरी देशाविरुद्धच्या सामन्यात माझी नात गोलात उभी राहणार हे ठरले. आमच्या स्टेडियमवर, आमच्या लोकांसमोर. तिने घरी फोन करून एवढेच विचारले की पेठेतले लोक येणार आहेत का. मी म्हणालो, चौकशी करतो.

चौकशी करावी लागली नाही. डोंगरी देशाच्या पाहुण्या संघाची उतरण्याची सोय आमच्याच पेठेतल्या शाळेत केली होती आणि वयाचा मान म्हणून तिथली देखरेख माझ्याकडे आली होती. तीन दिवसांत पेठेने त्या मुलींना आपले करून टाकले. कोणी घरून पांढरा रस्सा पाठवी, कोणी गूळ-शेंगदाणे. बायका फाटकाशी उभ्या राहून ‘पावणं जेवलं का’ असे त्या मुलींना विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता वाढीत. आमच्याकडचा नियम साधा आहे: जो पेठेत झोपतो तो पेठेचा. बाहेरून आणलेल्या खेळाडूंनाही हाच नियम लागतो.

त्या संघाची व्यवस्थापक एक मध्यमवयीन बाई होती. ती प्रत्येक पातेल्याचा वास घेई, पाणी आपल्यासमोर उकळवून घेई आणि रात्री दाराला आतून खुर्ची लावी. तिचा कोणावर विश्वास नव्हता. मला ती शहाणी वाटली. आमचे संभाषण मोडक्या हिंदीत चाले. तिने एकदा विचारले की हे लोक आम्हाला इतके का खाऊ घालतात. मी म्हणालो, मीही तेच शोधतो आहे.

शोधण्याचे कारण होते. पेठेत एक पंक्चरवाला होता. सामन्यात हलगी तोच वाजवी, आणि स्टेडियमवर पेठेने कुठे बसायचे, केव्हा उठायचे हे त्याच्या हलगीवर ठरे. मुलींच्या सामन्याला तो आयुष्यात गेला नव्हता. आता रोज संध्याकाळी त्याच्या दुकानापाशी दहा-पंधरा जण जमत आणि मी दिसलो की बोलणे थांबे. एकदा मी मुद्दाम सायकलची हवा तपासून घ्यायला गेलो. हवा नीट होती. त्याने ती पुन्हा भरली.

“काय खलबत चाललंय?” मी विचारले.

“खलबत कसलं आण्णा. पावण्यांची मॅच हाय, बगाय जायचं म्हणतोय.”

“पोरींची मॅच कधीपासून बघायला लागलास?”

“पावणं आपल्या शाळंत ऱ्हात्यात की. आपलंच हायती,” तो म्हणाला आणि टायरकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मुलाकडून कळले की हा गृहस्थ त्याला भेटून नातीची माहिती विचारीत होता. डावीकडे झेप घेते की उजवीकडे. घरी कोणाला घाबरते. मुलाने हसत हसत सगळे सांगितले होते. माझा मुलगा भाबडा आहे. पुढे राजारामपुरीतल्या तिच्या शिकवणीच्या सरांनी मला रस्त्यात थांबवले आणि सांगितले की तुमच्या पेठेतला कोणी येऊन तिच्या गणिताच्या गुणांची खात्री करून गेला. गणिताच्या गुणांचा आणि फुटबॉलचा काय संबंध? मला एकच दिसला. शिकवणीत जाऊन गुण विचारणारा माणूस उद्या जन्मतारीख विचारणार. कुमारी संघात वयावरून तक्रार झाली की मुलगी बाहेर जाते. तक्रार खोटी ठरेपर्यंत स्पर्धा संपलेली असते. आणि तक्रार नसेल तर दुसरे काहीतरी असेल. आमच्या स्टेडियमवर दगड पडलेले मी पाहिले आहेत. पेठ सोडून गेलेल्या खेळाडूला स्वतःच्याच पेठेने मैदानाबाहेर कसे काढले तेही पाहिले आहे. तो खेळाडू पुढे कागलला जाऊन राहिला आणि पुन्हा फुटबॉलला शिवला नाही. तो पुरुष होता. ही सोळा वर्षांची मुलगी.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या संघाच्या मुक्कामी गेलो. प्रशिक्षक बाई बाहेर आल्या. मी त्यांना पाहिलेले सर्व क्रमाने सांगितले आणि म्हणालो की मुलीला उद्या बाकावर बसवावे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या की तिसरी गोलरक्षक आहे, कच्ची आहे, पण आजोबाच नको म्हणत असतील तर आग्रह करणार नाही. मात्र हे मुलीला तुम्हीच सांगा.

नात खाली आली. मी तिलाही तेच सांगितले. ती पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत आणि बांधत होती.

“आबा, नाक्यावर तुम्हाला संशय आला की तुम्ही काय करायचासा?”

“गाडी तपासायचो.”

“आणि मग?”

“मग सोडायचो.”

“कधी परतवून लावली?”

मी गाडी कधी परतवून लावली नव्हती. तो अधिकारच नव्हता. मी तसे सांगितले.

“मग उद्या गोलच्या मागं येऊन उभं ऱ्हावा आणि तपासा,” ती म्हणाली. “पण मला सोडा. पेठ येणार आणि मी बाकावर, असं झालं तर मी परत हातमोजे घालणार न्हाई. हे सांगून ठेवते.”

प्रशिक्षक बाई दारातच होत्या. मी त्यांना म्हणालो की माझे म्हणणे मी मागे घेतो. शंका मागे घेत नाही.

सामन्याच्या दिवशी मी लवकर गेलो. मुलींच्या सामन्यांना आमच्याकडे कसे लोक येत ते सांगितले पाहिजे. आईवडील, शाळेचे शिक्षक, बिनकामाचे चार निवृत्त. सगळे हात मांडीवर ठेवून बसत आणि चेंडू बाहेर गेला तरी टाळ्या वाजवीत. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात वाजवतात तशा. पुरुषांच्या सामन्यात टाळी दुर्मिळ असते. तिथे विरोधी गोलरक्षकाच्या मागे माणसे उभी राहतात आणि पूर्ण सामनाभर त्याच्याशी बोलतात: त्याच्या सासऱ्याबद्दल, त्याच्या बुटांबद्दल, ठरून मोडलेल्या त्याच्या लग्नाबद्दल. त्याच्या घरची बातमी त्याच्या आधी गोलामागे पोचलेली असते. यात एक प्रतवारी आहे. अनोळखी किंवा सुमार गोलरक्षकाच्या मागे कोणी उभे राहत नाही. त्याच्यावर घसा कोण खर्च करणार?

खेळ सुरू होण्याच्या सुमारास फाटकातून हलगी ऐकू आली. पेठ आली. साठ-सत्तर माणसे असतील. ती पाहुण्यांच्या बाजूला बसली नाहीत. मैदानाला वळसा घालून सरळ माझ्या नातीच्या गोलामागे आली. मी आधीपासून तिथेच होतो. त्यांच्या हातांकडे पाहिले. दगड नव्हते. पिशव्या पाहिल्या, शेंगा होत्या. पाहुण्यांची व्यवस्थापक बाई बाकावरून उठून उभी राहिली होती आणि दुरून माझ्याकडे पाहत होती. मी हाताने थांबा अशी खूण केली. पुढे काय होणार हे मलाही ठाऊक नव्हते.

पंक्चरवाल्याने हलगी थांबवली.

“काय गं, गणितात पस्तीस!” त्याचा आवाज स्टेडियमच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. “गोल मोजाय येत्यात न्हवं?”

मागची सगळी माणसे हसली. दुसरा कोणी म्हणाला की डावीकडं पडू नगं, तिकडं तुझी आत्या बसलीया, ती उठवायची न्हाई. तिसऱ्याने तिच्या हातमोज्यांची चौकशी केली: आईच्या सैपाकघरातनं आणलंस काय? एकाने पाहुण्यांच्या पुढच्या फळीतल्या मुलीला मराठीत सल्ला दिला की उजवीकडं मार, ही उजवीकडं देवाला सुदीक जात न्हाई. शिवी कोणी दिली नाही. पण एक क्षण गप्पही बसले नाहीत, आणि पाहुण्यांनी चेंडू अडवला तरी हलगी अशी कडाडे की त्या मुली बिचकून मागे पाहत.

मी नातीकडे पाहत होतो. पहिल्या काही मिनिटांत तिची मान ताठ झाली होती. एक चेंडू तिच्या हातातून निसटला आणि तिने तो पायाने बाहेर ढकलला. मागून आवाज आला, “सैपाकघरातलंच हायती की गा!” माझी मूठ वळली. मी पंक्चरवाल्याच्या दिशेने दोन पावले टाकली. तेवढ्यात ती मागे वळली. मला वाटले ती रडते आहे. ती हसत होती. तिने जाळीतून पंक्चरवाल्याकडे पाहिले, हातमोजा वर केला आणि बोटे हलवून दाखवली. पेठेने आरोळी ठोकली. मी होतो तिथेच थांबलो.

त्यानंतर तिने तीन चेंडू अडवले. तिसरा उजवीकडे, पूर्ण अंग टाकून. मग एक म्हातारा, जो मुलींच्या संघाविरुद्ध बैठकीत बोलल्याचे मी ऐकले होते, हळूच म्हणाला, “पोरगी पडती बरं का.” शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसले, कारण बाजू पाहुण्यांची होती. उत्तरार्धात गोल बदलले तेव्हा सगळी पेठ हलगीसह मैदानाला वळसा घालून पुन्हा तिच्यामागे आली. मीही गेलो.

शेवटी शेवटी कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर पाहुण्यांनी गोल केला. सामना तेवढ्यावर सुटला. पेठ नाचली. गोल करणाऱ्या त्या मुलीला खांद्यावर घेऊ लागले तेव्हा तिची व्यवस्थापक बाई धावत आली आणि तिने मुलीला हाताला धरून ओढून नेले. योग्य केले.

नात आमच्याजवळ आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. मी विचारले, कोणाचे बोलणे लागले? ती म्हणाली, बोलणे नाही, गोल लागला. एक पाऊल आधी निघायला हवे होते. एवढे बोलून ती गेली.

स्पर्धा संपल्यावर ती दोन दिवस घरी होती. तेव्हा पंक्चरवाला आला, चप्पल दारात काढून खाली बसला. मी खुर्ची दाखवली, त्याने नको म्हटले. तालमीतल्या काही जणांचे मत पडले होते की मुलींचा संघ काढावा. तिने आपल्या पेठेत परत यावे, असा निरोप होता.

“यात तुझा काय डाव आहे?” मी विचारले.

“डाव कसला आण्णा. तिच्या मागं उभं ऱ्हायचं म्हंजे आपल्याच पोरीला बोलाय लागतंय. जिवाला बरं वाटत न्हाई.”

नात आतून पाणी घेऊन आली होती. तिने तांब्या त्याच्यापुढे ठेवला. “मी तिकडनंच खेळणार, काका. तुम्ही संघ काढा. तुमच्या पोरींस्नी मी गोल करू देणार न्हाई.”

पाणी पिऊन त्याने गंभीरपणे विचारले, “मग गणिताचं ठिवू का काढू?”

“ठेवा. पुढच्या खेपेला नवीन कायतरी आणा मात्र.”

तो गेल्यावर मी तिला बसवले. पस्तीस गुणांची गोष्ट घरात फक्त तिला आणि तिच्या आईला ठाऊक होती. मलाही ती गोलामागेच कळली. शिकवणीत तो गृहस्थ नुसती खात्री करायला गेला होता, म्हणजे आकडा त्याला आधीच कोणीतरी दिला होता. कोणी दिला, असे मी विचारले.

ती तांब्या उचलू लागली. मी पुन्हा विचारले.

“मीच,” ती म्हणाली. “गोलात मी उभी राहणार आणि पाहुणे आपल्या शाळेत उतरलेत हे कळलं तसं काकांच्या दुकानात फोन केला. म्हटलं, त्या पोरी तुमच्या पेठेत झोपतात, तेव्हा टीम तुमची. माझ्या मागं येऊन उभं ऱ्हावा. ते म्हणाले, पोरीला काय बोलायचं? मग मी सांगितलं काय बोलायचं ते.”

“आणि मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना जाऊन विचारलं असतं, खरं बोलतोयस का. मग ते आलेच नसते, आबा.”

हे खरे होते. मी नक्की विचारले असते.